मुद्दल खाणाऱ्या जगाचा हिशेब : अर्थतज्ज्ञ ई. एफ. शुमाकर

दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. माणसांनी या वर्षाची पृथ्वी संपवली, अशा आशयाची. २०२५ साली ही तारीख २४ जुलै होती. तिला 'अर्थ ओव्हरशूट डे' म्हणतात. शेते, जंगले, कुरणे आणि समुद्र वर्षभरात जेवढे नव्याने निर्माण करतात आणि जंगले जेवढा कार्बन शोषतात, तेवढे सगळे आपण त्या तारखेपर्यंतच वापरून टाकलेले असते. उरलेले महिने जग उधारीवर जगते. ही उधारी पुढच्या पिढ्यांच्या नावावर चढते.

मागे आमच्या अभ्यासवर्गात आम्ही ही आकडेवारी मांडली. चर्चा उपभोग कमी करण्यावर आली तेव्हा मागच्या रांगेतली एक तरुणी उभी राहिली. आमच्या वस्तीत पाणी तासभर येते, पाच माणसे एका खोलीत राहतात, घरात एसी नाही, दारात गाडी नाही, मग आम्ही नेमके काय कमी करायचे, असे तिने विचारले. वर्ग शांत झाला. आमच्याकडे तयार उत्तर नव्हते.

त्या उत्तराच्या शोधात आम्ही एका जुन्या अर्थतज्ज्ञाकडे पुन्हा वळलो. पृथ्वीच्या क्षमतेशी देशांचा खप ताडून पाहण्याची आजची पद्धत जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी हा हिशेब मांडायला सुरुवात केली होती. त्यासाठी लागणारी दृष्टी त्यांना एका बौद्ध देशात मिळाली. ते स्वतः बौद्ध झाले नाहीत. त्यांची सगळी मते आम्हाला पटतात असेही नाही. तरीही त्यांचे आयुष्य आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

प्राध्यापकाचा मुलगा, शेतावरचा मजूर

अर्न्स्ट फ्रेडरिक शुमाकर यांचा जन्म १६ ऑगस्ट १९११ रोजी जर्मनीतील बॉन शहरात झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१७ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. पहिल्या महायुद्धातील पराभव, त्यानंतरची अन्नटंचाई आणि १९२३ मधील भयंकर महागाई हे सारे त्यांनी लहानपणी पाहिले. घरात पुस्तके होती, मान होता, पण ताटात पुरेसे अन्न असेलच याची खात्री नव्हती.

मुलगा हुशार होता. १९३० मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डला गेला. तिथून पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले, तेच हे विद्यापीठ. १९३४ मध्ये शुमाकर जर्मनीला परतले तेव्हा हिटलरची सत्ता घट्ट झाली होती. नाझी राजवटीत जगणे त्यांना असह्य झाले. १९३६ मध्ये त्यांनी अॅना मारिया पीटरसन यांच्याशी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी पती-पत्नींनी इंग्लंडची वाट धरली.

पण युद्ध पेटले आणि इंग्लंडमध्ये राहणारा प्रत्येक जर्मन माणूस संशयित ठरला. हिटलरला कंटाळून देश सोडलेल्या शुमाकर यांनाही १९४० मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून प्रीस हीथ येथील छावणीत डांबण्यात आले. काही महिन्यांनी सुटका झाली ती नॉर्थम्प्टनशायरमधल्या आयडन गावी शेतमजूर म्हणून राबण्यासाठी. दिवसा शेतावर काम आणि रात्री अर्थशास्त्राचे लेखन, असे त्यांचे आयुष्य सुरू झाले.

एखाद्याच्या जन्मावरून त्याची लायकी ठरवणारी व्यवस्था काय असते, याचा हा त्यांचा थोडक्या काळाचा अनुभव. तो आपल्या समाजाच्या अनुभवाशी तोलता येणार नाही. छावणीतून त्यांची सुटका झाली, जातीतून अशी सुटका होत नसते. तरी एवढे खरे, की मातीत हात घालून राबणाऱ्या माणसाला काय कळते हे त्यांना पुस्तकाबाहेर शिकायला मिळाले. पुढे आयुष्यभर ते मातीविषयी बोलत राहिले, त्याचे मूळ या शेतावर आहे.

त्याच काळात त्यांनी देशादेशांतील व्यापाराची देणीघेणी मिटवण्याची एक योजना लिहिली. ती जॉन मेनार्ड केन्स यांच्यापर्यंत पोचली. १९४३ मध्ये 'इकॉनॉमिका' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. केन्स यांच्या स्वतःच्या योजनेशी तिचे बरेच साम्य होते. हे तेच केन्स, ज्यांच्या चलनविषयक भूमिकेचा बाबासाहेबांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात समाचार घेतला होता. शुमाकर यांना आता ऑक्सफर्डच्या संख्याशास्त्र संस्थेत काम मिळाले. १९४६ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत ब्रिटिश नियंत्रण आयोगाचे आर्थिक सल्लागार म्हणून गेले.

कोळशाच्या हिशेबातून सुचलेला प्रश्न

१९५० मध्ये शुमाकर इंग्लंडच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे आर्थिक सल्लागार झाले. पुढची वीस वर्षे ते तिथेच होते. १९६३ पासून मंडळाच्या संख्याशास्त्र विभागाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. ते रुजू झाले तेव्हा या मंडळाच्या खाणींत सुमारे सात लाख माणसे काम करत होती.

रोज कोळशाचे आकडे हाताळणाऱ्या या माणसाला एक गोष्ट खटकू लागली. खाणीतून निघालेला प्रत्येक टन कोळसा ताळेबंदात उत्पन्न म्हणून लिहिला जात होता. पण कोळसा कोणी पिकवत नाही. तो लाखो वर्षांत साठलेला ठेवा आहे आणि काढला की संपतो. मग ते उत्पन्न कसे? ते तर मुद्दल आहे.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. खळ्यावर आलेले धान्य खाणे वेगळे आणि पुढच्या पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाणे वेगळे. बियाणे दळले तरी भाकरी तशीच होते, चवही तीच लागते. फरक कळतो तो पाऊस पडल्यावर, पेरायची वेळ आल्यावर. जगातील श्रीमंत देश बियाणे दळून खात आहेत आणि त्यालाच भरभराट म्हणत आहेत, असा शुमाकर यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. व्यापारी आपले भांडवल मोडून खाऊ लागला तर सगळे त्याला दिवाळखोर म्हणतात. देश तेच करतात तेव्हा मात्र त्याला विकासदर हे नाव मिळते.

त्या काळी तेल स्वस्त होते. युरोपने कोळसा सोडून पश्चिम आशियातील तेलावर अवलंबून राहावे, असा जाणकारांचा सूर होता. शुमाकर यांनी या अवलंबित्वाविषयी पुनःपुन्हा इशारे दिले. अणुऊर्जेलाही त्यांचा विरोध होता, कारण तिचा किरणोत्सारी कचरा सांभाळण्याचे ओझे अजून न जन्मलेल्या पिढ्यांवर पडते. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

घरी मात्र त्यांनी आपल्यापुरता प्रयोग सुरू केला होता. लंडनजवळच्या कॅटरहॅम गावी त्यांनी मोठ्या बागेचे घर घेतले आणि रासायनिक खताशिवाय भाजीपाला पिकवू लागले. जमिनीचा कस टिकवण्यासाठी झटणाऱ्या 'सॉइल असोसिएशन' या संस्थेचे ते सभासद झाले आणि पुढे अध्यक्षही. कॅटरहॅमहून लंडनला कामावर जाताना रेल्वेत बसून ते पूर्वेकडच्या धर्मांविषयी वाचत. तरुणपणी धर्म नाकारणारा हा माणूस बुद्धाच्या विचाराजवळ आला तो असा, रोजच्या प्रवासात.

रंगून, १९५५

१९५५ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रसंघातर्फे शुमाकर ब्रह्मदेशात गेले. पंतप्रधान ऊ नू यांच्या सरकारला आर्थिक सल्ला देण्याचे तीन महिन्यांचे काम होते.

ते दिवस रंगूनसाठी फार मोठे होते. मे १९५४ मध्ये सहावी बौद्ध संगीती तिथे सुरू झाली होती आणि मे १९५६ पर्यंत ती चालणार होती. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेचे तिसरे अधिवेशन रंगूनमध्ये भरले होते आणि बाबासाहेब त्यासाठी तिथे गेले होते. तिथून परतून २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत शुमाकर रंगूनला उतरले. दोघांची भेट झाली नाही. पण बुद्धाच्या शिकवणीतून आजच्या जगाला समाजरचनेचा मार्ग मिळतो का, हा प्रश्न घेऊन दोन अर्थतज्ज्ञ एकाच सुमारास एकाच शहरात आले होते, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

ब्रह्मदेशाने कल्याणकारी राज्याची मोठी योजना आखली होती आणि तिच्यासाठी अमेरिकी सल्लागार बोलावले होते. त्यांचे मोजमाप ठरलेले होते. दरडोई उत्पन्न किती, दरडोई खप किती, आणि पाश्चात्त्य देशांच्या तो किती मागे. या मापाने ब्रह्मदेश अत्यंत गरीब ठरत होता. शुमाकर यांना मात्र समोर दिसणारी माणसे आणि हातातला आकडा यांचा मेळ बसेना. इथे उत्पन्न थोडे होते, तशा गरजाही थोड्या होत्या, आणि लोक प्रसन्न दिसत होते. सुट्टीच्या दिवशी ते रंगूनमधील एका विहारात जाऊन ध्यानसाधना शिकू लागले.

तिथेच त्यांनी बौद्ध देशातील अर्थव्यवस्थेविषयी एक टिपण लिहिले. माणसाला किती पुरे हे ठरवण्याचा प्रश्न अर्थशास्त्राने टाळला आहे, हा त्याचा गाभा. जास्तीत जास्त खप म्हणजे जास्तीत जास्त कल्याण, हे गृहीतच त्यांनी तपासायला घेतले. याच टिपणात त्यांनी जमिनीतून मिळणाऱ्या नव्याने येणाऱ्या साधनांवर उभी असलेली अर्थव्यवस्था आणि कोळसा, तेल, धातू अशा संपणाऱ्या साधनांवर उभी असलेली अर्थव्यवस्था यांत भेद केला. पहिली टिकते. दुसरी किती वर्षे चालेल एवढाच प्रश्न असतो.

सम्यक आजीविका आणि अर्थशास्त्र

या विचारांना पक्के रूप आले ते १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्धिस्ट इकॉनॉमिक्स' या निबंधात. सम्यक आजीविका हे आर्य अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे, तेव्हा बौद्ध अर्थशास्त्र असलेच पाहिजे, अशी त्याची सुरुवात आहे.

निबंधातले मुद्दे साधे आहेत. नेहमीचे अर्थशास्त्र श्रमाला नाइलाज मानते. मालकाला वाटते मजूर कमी लागावेत, मजुराला वाटते काम कमी असावे. शुमाकर यांच्या मते बौद्ध दृष्टीने कामाचे तीन उपयोग आहेत. माणसाच्या अंगच्या क्षमता वाढतात, इतरांबरोबर राबल्याने त्याचा अहंभाव कमी होतो आणि जगण्याला लागणाऱ्या वस्तू तयार होतात. म्हणून माणसाला यंत्राचा गुलाम करणारे काम त्यांना मान्य नव्हते आणि बेकारीही मान्य नव्हती.

उपभोगाबद्दलही त्यांनी माप उलटे केले. नेहमीचा अर्थतज्ज्ञ जास्त खपणाऱ्या माणसाला जास्त सुखी मानतो. शुमाकर यांनी विचारले, कमी खपात तेवढेच कल्याण साधत असेल तर ते अधिक शहाणपणाचे नाही का? उदाहरण कपड्याचे दिले. न कापलेले वस्त्र नीट नेसून अंग झाकता येत असेल तर गुंतागुंतीच्या शिवणकामावर वेळ आणि साधने का घालवायची? साडी नेसणाऱ्या आपल्या आयांना यात नवल वाटणार नाही. संपणारी साधने अगदीच अपरिहार्य असतील तेव्हाच आणि अत्यंत काळजीपूर्वक वापरावीत, असे त्यांनी सांगितले. जंगलांची लूट ही त्यांनी हिंसेच्या बाजूला टाकली. जे. सी. कुमारप्पा या भारतीय अर्थतज्ज्ञाचा आधारही त्यांनी या निबंधात घेतला आहे. निसर्गातील टिकाऊ आणि नश्वर साधने वेगळी मोजण्याचा विचार कुमारप्पांनी १९४५ मध्येच आपल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात मांडला होता.

पुणे, १९६१

१९६० मध्ये अॅना मारिया यांचे कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच जानेवारीत शुमाकर आर्थिक विकासाच्या मार्गांवरील आंतरराष्ट्रीय परिसंवादासाठी पुण्याला आले. भारतात पाहिलेल्या दारिद्र्याने ते हादरून गेले. ब्रह्मदेशात थोडक्यात समाधान मानणारी माणसे त्यांना दिसली होती. इथे माणसाला माणूस म्हणून उभे राहता येणार नाही अशी भूक होती.

हा क्षण आम्ही त्यांच्या आयुष्यातला कळीचा क्षण मानतो. रंगूनमध्ये त्यांना पुरे म्हणजे काय हे समजले होते. भारतात त्यांना अपुरे म्हणजे काय हे समजले. ज्याच्या ताटात काही नाही त्याला साधेपणा शिकवता येत नाही, हे त्यांनी ओळखले आणि पुढची वर्षे गरिबांच्या हाती साधने कशी येतील यावर घालवली.

त्यांनी एक ढोबळ मोजमाप सुचवले. परंपरागत अवजारांवर एका माणसाला काम द्यायला एक पौंड भांडवल लागते असे धरा, तर श्रीमंत देशांतील कारखान्यात एका माणसामागे हजार पौंड लागतात. गरीब देशांनी हजार पौंडांचे तंत्र आणले तर मूठभरांना काम मिळते आणि बाकीचे शहरांच्या कडेला झोपड्यांत जाऊन पडतात. एक पौंडाच्या तंत्रावर कोणाचेच पोट भरत नाही. म्हणून त्यांनी शंभर पौंडांचे, मधले तंत्र मागितले. ते अवजार जुन्यापेक्षा कितीतरी सरस असेल आणि गावातल्या माणसाला परवडेल, दुरुस्तही करता येईल. भारताच्या नियोजन आयोगापुढेही त्यांनी हा विचार मांडला. १९६६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी लंडनमध्ये 'इंटरमीडिएट टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट ग्रुप' ही संस्था उभारली. 'प्रॅक्टिकल अॅक्शन' या नावाने ती आजही काम करते.

कोण किती खातो?

१९७३ मध्ये त्यांचे 'स्मॉल इज ब्युटिफुल' हे पुस्तक आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, तेलाचे भाव भडकले आणि वीस वर्षे कोणी न ऐकलेले इशारे सगळ्यांना एकदम आठवले. पुस्तकाचा जगभर गाजावाजा झाला.

या पुस्तकातला एक हिशेब आपल्या तरुणांनी पाठ करावा असा आहे. शुमाकर यांनी १९६६ सालचा जगाचा इंधनाचा खप घेतला आणि तो कोळशाच्या टनांत बदलला. दरडोई एक टनाहून जास्त खप असणारे देश श्रीमंत आणि बाकीचे गरीब, अशी विभागणी केली. जगातली ३१ टक्के माणसे श्रीमंत देशांत होती आणि ती ८७ टक्के इंधन जाळत होती. उरलेल्या ६९ टक्के माणसांच्या वाट्याला १३ टक्के इंधन येत होते. दरडोई पाहिले तर श्रीमंत देशातला माणूस वर्षाला ४.५२ टन आणि गरीब देशातला ०.३२ टन. सुमारे चौदा पट फरक.

यापुढची पायरी त्यांनी सोडली नाही. दोन्ही गट नेहमीच्या वेगाने वाढत राहिले तर भविष्यात लागणाऱ्या जादा इंधनाचा मोठा वाटा कोणाचा असेल? गरिबांची संख्या जास्त असूनही उत्तर निघाले, श्रीमंतांचा. म्हणजे पृथ्वीवर ताण पडतो तो गरिबांच्या लोकसंख्येमुळे, हे श्रीमंत देशांचे आवडते म्हणणे आकड्यांपुढे टिकत नव्हते.

मार्च १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये भेटायला बोलावले. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना स्वित्झर्लंडमध्ये धावत्या रेल्वेत शुमाकर यांचे निधन झाले. वय ६६ वर्षे होते.

त्यांच्यानंतर दीड दशकाने हा हिशेब पुढे नेला गेला. १९९० च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांनी परिसरीय पदठशाची पद्धत तयार केली. एका देशातील माणसांना अन्न, कापड, लाकूड, मासे आणि घरे पुरवायला, आणि त्यांच्या धुरातला कार्बन शोषायला किती जमीन आणि समुद्र लागतो, ते मोजायचे. दुसऱ्या बाजूला तेवढी जमीन आणि समुद्र प्रत्यक्षात आहे का ते पाहायचे. जगातल्या सरासरी सुपीकतेचा एक हेक्टर हे त्याचे एकक, त्याला जागतिक हेक्टर म्हणतात. २००३ पासून 'ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क' ही संस्था या पद्धतीचा प्रसार करते आहे.

या मापाने आज जग सुमारे १.८ पृथ्वी वापरते. सगळे जग अमेरिकनांसारखे राहिले तर सुमारे पाच पृथ्वी लागतील. सगळे जग सरासरी भारतीयासारखे राहिले तर एक पृथ्वी पुरून उरेल. पण याच मापाने भारताचा खप भारताच्या स्वतःच्या जमिनीच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त आहे, कारण माणसे खूप आणि जमीन थोडी. दोन्ही वाक्ये खरी आहेत. कोणते वाक्य कोण, कोणाला आणि कशासाठी ऐकवतो, याकडे मात्र आपण लक्ष ठेवले पाहिजे.

आम्हाला काय पटत नाही

शुमाकर यांना डोक्यावर घेण्याची गरज नाही. त्यांच्या बौद्ध अर्थशास्त्रातला एक भाग आम्हाला मुळीच मान्य नाही. स्त्रियांनी मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि कार्यालयांत नोकरी करणे हे त्यांनी आर्थिक अपयशाचे लक्षण मानले. भिक्खुणी संघाची परंपरा असलेल्या आणि हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांना मानणाऱ्या समाजाला हे पटणे शक्य नाही.

दुसरा मुद्दा गावाचा. शुमाकर गांधींचे चाहते होते. गावाकडे पाहताना त्यांना अवजारे, बेकारी आणि माती दिसली, पण गावकुसाबाहेरची वस्ती दिसली नाही. बाबासाहेबांनी संविधान सभेत ग्रामव्यवस्थेवर कठोर टीका केली होती. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती उभी राहत नाही, ही त्यांची भूमिका होती. मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या प्रकल्पांचा पाया घातला. लहान ते सुंदर हे सूत्र जातीने बांधलेल्या गावाला तसेच लावले तर लहान तुरुंगही सुंदर ठरेल.

तिसरा मुद्दा कोळशाचा. तेलाच्या विरोधात त्यांनी कोळशाची बाजू घेतली. कोळशाच्या धुराने हवामान बदलते हा हिशेब त्यांच्या मांडणीत नव्हता. आजच्या पदठशात निम्म्याहून जास्त भाग कार्बनचाच आहे.

शिवाय बौद्ध हे विशेषण लावल्याने कोणतीही अर्थव्यवस्था न्यायी होत नाही. १९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतली आणि त्या देशाची कशी दैना झाली ते आपण पाहतो आहोत. शुमाकर स्वतः १९७१ मध्ये रोमन कॅथलिक झाले. बुद्धाचा विचार त्यांच्या मालकीचा नव्हता, तसा तो आपल्याही मालकीचा नाही.

त्या मुलीला काय सांगायचे?

अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला तथागतांनी दिलेला उपदेश आहे. त्यात समजीविता, म्हणजे तोलून जगणे, ही गोष्ट येते. तराजू धरणारा जसा कोणते पारडे वर आणि कोणते खाली हे जाणतो, तसे माणसाने आपली आवक आणि आपला खर्च जाणावा. थोडक्या फळांसाठी उंबराचे झाड हलवून सगळी फळे खाली पाडणाऱ्यासारखे उधळू नये. या उपदेशाचा पहिला अर्धा भाग आपण नेहमी ऐकतो. दुसरा अर्धा भाग विसरतो. ऐपत असून उपाशी राहणेही तथागतांनी दोषाचे मानले आहे. मध्यम मार्गाच्या दोन्ही बाजूंना टोक असते.

शुमाकर यांच्या हिशेबाचे महत्त्व आम्हाला इथे वाटते. त्यांनी मानवजात हा एकच घाऊक शब्द वापरून सगळ्यांना एका पारड्यात घातले नाही. कोण किती खातो हे वेगळे मोजले. तोच हिशेब आता देशाच्या आत नेण्याची गरज आहे. भारताचा सरासरी पदठसा लहान दिसतो, कारण मोठ्या घरांतल्या चार गाड्या आणि वस्तीतल्या एका खोलीची बेरीज करून भागाकार केलेला असतो. सरासरीच्या आड जात आणि वर्ग दोन्ही लपतात. उपभोग एका ठिकाणी होतो आणि त्याचा कचरा दुसऱ्या ठिकाणी साठतो. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या माणसांनी तो कचरा केलेला नाही. गटारात उतरणारा सफाई कामगार शहराचा ओव्हरशूट आपल्या फुप्फुसांत घेतो, पण कोणत्याही तक्त्यात त्याचा रकाना नसतो.

म्हणून त्या मुलीला आम्ही पुढच्या वर्गात असे सांगितले. तुझ्या वाट्याची पृथ्वी अजून तुला मिळालेली नाही. पुरेसे पाणी, दोन खोल्यांचे घर, उन्हाळ्यात सहन होईल असा वारा, स्वच्छ हवा हे मागताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी चौदा पट घेतले त्यांनी कमी करायचे आहे. आपण मागायचे आहे ते न्याय्य वाटप, आणि ते मागताना पेरणीचे बियाणे दळून खाणाऱ्यांची नक्कल करायची नाही.

ती म्हणाली, मग आपल्या वस्तीचा हिशेब आपणच मांडू. पाणी किती येते, वीज किती लागते, कचरा आपला किती आणि बाहेरून येऊन पडतो किती. पुढच्या रविवारी सात तरुण-तरुणी वही-पेन घेऊन विहारात जमली. आपापल्या वस्तीत तुम्हीही हे करून पाहावे, आणि निघालेले आकडे आमच्याकडे जरूर पाठवावेत.